देवस्थळीसरांचे दोन्ही हात

माणसाची थोरवी त्याच्या दोन हातांत असते. एका हाताने तो स्वतःचं भागवतो आणि दुसऱ्या हाताने समाजाचं ऋण फेडतो.

हे वाक्य ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या संस्थेच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरलेलं आहे. खाली देवस्थळीसरांचं नाव आहे. वाक्य सरांचं, संगमरवराची कल्पना सरांची, आणि कारागीर कोरत होता तेव्हा समोर खुर्ची टाकून बसलेलेही सरच. मी त्यांना बरीच वर्षं जवळून पाहिलं. त्यांच्या एका हातात माईक असे आणि दुसऱ्या हाताने ते माईकची वायर सावरत. पुढे बिनवायरचा माईक आला आणि दुसऱ्या हाताला काही कामच उरलं नाही.

सर गेल्यावर संस्थेने स्मरणिका काढायचं ठरवलं. "बाई, तुम्ही सरांवर काहीतरी हृद्य लिहा," असं मला सांगण्यात आलं. हृद्य लेख मी दिला, तो फोटोसकट छापूनही आला. हा दुसरा.

संस्था सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी आहे. जन्माच्या आगेमागे या मुलांच्या मेंदूला इजा झालेली असते आणि हातपाय मेंदूचं सांगणं नीट ऐकत नाहीत. काहींची एकच बाजू अशी असते. एक हात चांगला आणि दुसरा आखडलेला, मुठीत मिटलेला. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले तेव्हा सरांनी मला चिटणीस केलं, कारण कार्यकारिणीत सुरू केलेलं वाक्य संपवता येणारी मी एकटीच होते. वाक्य सुरू करायचं काम सर स्वतःकडे ठेवत.

सर मूळचे ड्रिलचे मास्तर, पुढे त्याच शाळेचे मुख्याध्यापक. "हात वर!" म्हटलं की मैदानभर हात वर जात. असं आयुष्यभर पाहिलेल्या माणसाची एक समजूत होऊन बसते, की हात हा कानाला जोडलेला अवयव आहे. एखादा वर गेला नाही तर त्याचा अर्थ इतकाच, की त्याला ऐकू गेलं नाही. मग आणखी मोठ्याने सांगायचं.

"दोन्ही हात!" हे त्यांचं पालुपद. सकाळी मूल दारातून आत आलं की सर पुढे होत. "नमस्कार! दोन्ही हात, बाळा, दोन्ही हात!" मूल बिचारं जमेल तो हात छातीशी नेई. मग सर त्याचा दुसरा हात मनगटाला धरून ओढत आणि पहिल्या हातावर दाबत. तळवे टेकले की "शाब्बास! जमलं की नाही?" असं म्हणून शिपायाकडे पाहत. शिपायाने फोटो काढायचा असे. सरांनी सोडल्याबरोबर तो हात स्प्रिंग लावल्यासारखा आपल्या जागी परत जाई, पण तोवर सर फोटो कसा आलाय ते पाहण्यात गुंतलेले असत.

मला त्यांची किळस येई, हे इथेच सांगून टाकते. म्हणजे लेखात पुढे शोधत बसायला नको. ते सतत वेलची चघळत आणि बोलताना तिचे कण समोरच्यावर पडत. मुलांचे गाल दोन बोटांत धरून ते चेहरा कॅमेऱ्याकडे वळवत, मंडईत वांगं फिरवून पाहावं तसा. मुलं गाल पुसत. ज्यांना स्वतः पुसता येत नसे, त्यांचे गाल तसेच राहत.

स्वतः सर हातांनी काही करत नसत. संत्रं सोललेलं लागे, पाकीट फोडलेलं लागे. शाल ही तर दुसऱ्यानेच घालायची वस्तू. पाण्याची बाटली उघडायची झाली की ते शेजारच्या माणसासमोर ती नुसती धरत आणि बोलणं चालू ठेवत. शेजारचा झाकण काढून देई. यात त्यांना काही मागितल्यासारखं वाटत नसे.

आता आरती म्हात्रे. डोंबिवलीजवळच्या गावातली. तिच्या आजोबांच्या भातखाचरांवर आता टॉवर उभे आहेत आणि त्यातले बरेच गाळे वडिलांच्या नावावर आहेत. त्यामुळे तिला नोकरी जायची भीती नव्हती. सरांना हे फार उशिरा कळलं. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. म्हणजे बटण लावणं, डबा उघडणं असली रोजची कामं मुलांना स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून झटणारी. मला काकू म्हणायची.

"काकू, टेस्टचं शूटिंग तुम्ही करायचं," एकदा ती मोबाईल माझ्या हातात देत म्हणाली. "हात हलला नाही पाहिजे आणि तोंड उघडलं नाही पाहिजे. हात हलला तर चालेल एक वेळ."

तिच्याकडे खेळण्यांची एक पेटी होती. फिरकीच्या झाकणाची बरणी, दोऱ्यात ओवायचे मणी, चेनची पर्स, छोट्या झांजा, कागद आणि कात्री. सगळ्या दोन हात लागणाऱ्या वस्तू. मुलाशी नुसतं खेळायचं. कुठला हात वापर, हे सांगायचं नाही. खुणावायचंही नाही. मग सगळा व्हिडिओ शांतपणे पाहत मोजायचं: अधू हात आपणहून पुढे येतो का, वस्तू धरतो का, दुसरा हात काम करत असताना धरून ठेवतो का, वेळेवर सोडतो का. या हाताला आरती मदतनीस म्हणायची.

"पण सांगितलं आणि केलं, तर काय बिघडलं?" मी विचारलं.

"घरी कोण सांगत बसणारे दिवसभर? सांगून आला तो हात सांगणाऱ्याचा. न सांगता आला, तर मुलाचा."

मोठ्या माणसांनी गप्प बसावं एवढीच अट असलेली परीक्षा मी ठाण्यात पहिल्यांदाच पाहत होते. कोण नापास होणार, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ईश्वरी तेव्हा पहिलीत होती. दोन शेंड्या, पुढचे दात पडलेले, उजवी बाजू अधू. आई सुनंदा कल्याणला शिवणकाम करायची आणि आठवड्यातून दोनदा मुलीला घेऊन एसटीने खोपटच्या स्टँडवर उतरायची, तिथून रिक्षाने आमच्याकडे. ईश्वरी बोलायला फटकळ. "दिसायला गोड आहे," सर म्हणत, आणि म्हणून कुठेही संस्था दाखवायची असली की तिलाच पुढे करत.

नवरात्रात सरांनी मुलांना टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला नेलं. त्यांच्याबरोबर एक फोटोग्राफर होता. गर्दीतून आमच्यासाठी वाट काढून दिली गेली. सरांच्या ओळखी होत्याच. पुजाऱ्याने पेढा पुढे केला. ईश्वरीने डावा हात पुढे केला, कारण तिचा चालणारा हात तोच.

"अंहं! प्रसाद उजव्या हातात!" सरांनी तिचा डावा हात खाली दाबला आणि उजवी मूठ पुढे ओढली. गर्दीने, आवाजाने ती मूठ आणखी घट्ट मिटलेली. सरांनी बोटं उलगडायचा प्रयत्न केला. पेढा खाली पडला आणि कुणाच्या तरी चपलेखाली गेला. सरांनी पुजाऱ्याकडून दुसरा मागून घेतला आणि तो त्या मिटलेल्या मुठीवर ठेवून स्वतःच्या अंगठ्याने दाबून धरला. फोटो निघाला. अंगठा नंतर फोटोतून कापला.

"तो हात खायचा नाहीये," ईश्वरी सरांना म्हणाली. "तो धरायचाय. खायचा हा."

"बघा, किती चुणचुणीत!" सर फोटोग्राफरला म्हणाले.

सुनंदाने मुठीला चिकटलेला पेढा पदराने पुसला. सरांच्या अंगठ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेले नाही.

संस्थेत दरवर्षी एक स्वावलंबन सोहळा होई. प्रगती झालेल्या मुलांना स्टेजवर बोलावून शाल, नारळ आणि प्रमाणपत्र द्यायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचे उपचार बंद करायचे. मूल स्वावलंबी झालं, जागा दुसऱ्या गरजूला. कल्पना सरांची. त्या वर्षी कोणी मोठे पाहुणे येणार होते आणि सरांनी ईश्वरीचं नाव घातलं. फक्त तिची टेस्ट चांगली यायला हवी होती.

टेस्टच्या दिवशी सर स्वतः खोलीत येऊन बसले. "मी एक शब्द बोलणार नाही," म्हणाले. आरतीने बरणी ईश्वरीपुढे सरकवली. ईश्वरीने ती डाव्या हाताने उचलली, छातीशी धरली, विचार करू लागली.

"दोन्ही हात," मागून कुजबुज आली.

ईश्वरीने वळून पाहिलं आणि उजवा हात टेबलावर आणून ठेवला.

"सर," आरती म्हणाली.

"मी कुठे काय बोललो?"

"तुम्ही बाहेर बसा."

सर बाहेर गेले. खोलीच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. टेस्ट पुन्हा सुरू झाली आणि ईश्वरीचा उजवा हात कमालीचा कामाला लागला. बरणी धरली, पर्स धरली, झांजेला तर जवळजवळ झांज भिडली. आरतीच्या कपाळावर आठी. मी मोबाईलमध्ये पाहत होते, त्यामुळे मला ते उशिरा दिसलं: ईश्वरी खेळण्यांकडे पाहतच नव्हती. ती दाराकडे पाहत होती. काचेपलीकडे देवस्थळीसर दोन्ही हात वरखाली करत उभे होते, सिग्नल बंद पडलेल्या चौकातल्या पोलिसासारखे. बरणीची वेळ आली की हवेत बरणी धरत, झांजेची आली की हवेत झांज. इतक्या वर्षांत त्यांनी दोन्ही हातांनी केलेलं एवढंच काम मी पाहिलं.

"उत्तम!" आम्ही बाहेर आल्यावर ते म्हणाले. "ईश्वरी स्वावलंबी. लिहा, बाई."

सर एका सत्काराला कल्याणला गेले तो दिवस साधून आरतीने टेस्ट पुन्हा घेतली. या वेळी मदतनीस हात बहुतेक वेळ मांडीवरच राहिला. पर्सची चेन ओढताना मात्र एकदा आपणहून वर आला, पर्सच्या कडेवर टेकला, क्षणभर राहिला आणि घसरला. आरतीने तो तुकडा मला पुन्हापुन्हा दाखवला. "हे बघा, काकू. हे खरं."

सुनंदा दारात उभी होती. "मॅडम, स्टेजवर घेतलं की इथलं बंद होतं ना?"

आरतीने होकारार्थी मान हलवली.

"घरी सासूबाई खूश आहेत. नात बरी झाली म्हणून पेढे वाटणारेत. मला नको ते सर्टिफिकेट, मॅडम. परवा मी पोळ्या लाटत होते, तर हिने उजव्या हाताने पोळपाट धरला. मी नव्हतं सांगितलं. एकदाच धरला, पण धरला. आत्ता कुठे सुरू होतंय आणि सर म्हणतात संपलं."

आरतीने कार्यकारिणीच्या सभेत सरांसमोर दोन्ही व्हिडिओ ठेवले. सरांनी दुसरा अर्ध्यात थांबवला.

"पहिल्यात चांगलं, दुसऱ्यात वाईट? प्रगती म्हणजे पुढे जाणं, मिस म्हात्रे. मागे जाणारी प्रगती मी तरी पाहिली नाही."

"ती मागे नाही गेली, सर. तुम्ही बाहेरगावी गेलेलात."

"मुलांवर संस्कार करावे लागतात. सांगावं लागतं!"

"सांगून सांगून तिचा हात यायचा बंद होईल. आणि उपचार थांबवले तर सुरू झालेलंही जाईल. तिला अजून वर्षभर तरी लागेल."

"आणि मी पाहुण्यांना काय दाखवू? मांडीवर ठेवलेला हात?"

यावर उत्तर होतं, पण त्याची सभेच्या इतिवृत्तात नोंद करण्यासारखी भाषा आरतीने वापरली नाही. कार्यकारिणी सरांच्या बाजूने गेली. कार्यकारिणीचे हात सांगितल्याबरोबर वर जात.

सोहळा नौपाड्यातल्याच एका सभागृहात झाला. हार, समई, पाहुणे. सरांनी आपलं ते थोरवीचं वाक्य म्हटलं आणि ईश्वरीला पुढे बोलावलं. तिला जरीचं परकर-पोलकं घातलेलं. टेबलावर फिरकीच्या झाकणाची बरणी, आत लाडू.

"आता आपली ईश्वरी ही बरणी स्वतः उघडेल आणि पाहुण्यांचं तोंड गोड करेल. दोन्ही हात, बाळा!"

मूल घाबरलं की अधू हात आणखी आखडतो. संस्थेत हे सरांखेरीज सर्वांना माहीत होतं. ईश्वरीचं उजवं कोपर मागे गेलं, मूठ खांद्याकडे चढली. डाव्या हाताने तिने बरणी उचलली, पोटाशी दाबली. जरीवरून ती घसरली. मागे कुणीतरी "च्‌ च्‌" केलं. पहिल्या रांगेत सुनंदाच्या सासूबाई पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसलेल्या. सुनंदा अर्धी उठली.

"दोन्ही हात!" सर माईकमधून म्हणाले. स्पीकर किंचाळला.

ईश्वरीने वर पाहिलं. मग तिने बरणी सरांच्या पोटात खुपसली.

"धरा," ती म्हणाली. माईक जवळ असल्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

सरांनी बरणी धरली. मोकळ्या हाताने, घट्ट, बावचळून. ईश्वरीने डाव्या हाताने झाकण फिरवलं, काढलं, लाडू उचलला आणि पाहुण्यांना दिला. डाव्या हातानेच. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांचे डोळे ओले झाले, सासूबाईंचेही. आणि सर, बरणी हातात तशीच धरून, माईकमध्ये ओरडले, "पाहिलंत? दोन्ही हात! स्वावलंबन म्हणतात ते हे!"

माझ्या शेजारी आरती बसली होती. "बरोबर आहे, काकू," ती थंडपणे म्हणाली. "दोन हात होते. एक तिचा, एक त्यांचा. मदतनीस धरून ठेवतो, पण आपणहून येत नाही."

मग शाल आली, आणि ईश्वरीच्या ओंजळीत नारळ द्यायचा म्हणून सर तो पुढे करून उभे राहिले. ओंजळ होईना. फोटोपुरतं सुनंदाने येऊन मागून हात लावला.

ईश्वरीची जागा भिवंडीच्या एका मुलाला मिळाली. त्यालाही तितकीच गरज होती, आणि त्यामुळे नीट रागवताही येईना.

आरतीने महिना संपताच राजीनामा दिला आणि डोंबिवलीत वडिलांच्या एका गाळ्यात स्वतःचं केंद्र सुरू केलं. पहिली आलेली ईश्वरी. कल्याणहून तेच जवळ. मी मोबाईल धरायला अधूनमधून जाऊ लागले. एक दिवस पाहते तर दाराला फीत लावलेली आणि देवस्थळीसर तिथे उभे, "आमच्या डोंबिवली शाखेचं" उद्घाटन करायला. सोबत फोटोग्राफर.

"याला आत कोणी घेतला?" मी आरतीला बाजूला घेऊन विचारलं. तेव्हा एकेरीवर आले होते खरी.

"टेबलं दिलीत त्यांनी, काकू. मुलांच्या उंचीची. पंखेसुद्धा. मी कुठून आणणार होते एवढ्या लवकर?" तिने खांदे उडवले. "फीत कापायला काय जातंय?"

हेही लिहायलाच हवं. नौपाड्याची जागा, तिथली टेबलं, परवानग्या, वीजजोडणी, सगळं सरांच्या ओळखींमुळे आलं. त्यांच्याशिवाय संस्था झाली नसती. असल्या माणसांचं हे फार वाईट असतं. किळस पूर्ण येऊ देत नाहीत.

सर गेल्या वर्षी गेले. एका भाषणाच्या आदल्या दिवशी, त्यामुळे तेवढं भाषण झालं नाही. संस्थेने त्यांचे दोन पुतळे करवून घेतले. एक नौपाड्यात संगमरवराखाली ठेवला आणि दुसरा टेम्पोत घालून डोंबिवली शाखेला धाडला. फायबरचा, वरून ब्राँझचा रंग.

"कुठे ठेवू याला?" आरतीने फोन केला. "उंचावर ठेवला तर मुलं घाबरतात."

तिने तो दाराशी ठेवला, मुलं बूट काढतात तिथे, एका बुटक्या स्टुलावर. तिथेच मी सरांना शेवटचं पाहिलं.

ईश्वरी बसमधून तापून आली होती. आता ती तिसरीत आहे. आत येताच तिने डाव्या हाताने दप्तरातून पाण्याची बाटली काढली, सरांची मान आणि खांदा यांच्यामधल्या खाचेत बसवली आणि झाकण फिरवायला लागली. रोज असंच करते म्हणे. त्या दिवशी झाकण घट्ट होतं. पुतळा आतून पोकळ; तो डुगडुगला आणि पुढे कलला.

ईश्वरीचा उजवा हात वर आला. सावकाश, मनगट वाकलेलं, बोटं अर्धी मिटलेली. तो सरांच्या टकलावर टेकला आणि झाकण निघेपर्यंत तिथे राहिला. ती त्या हाताकडे पाहतही नव्हती. तिचं लक्ष पाण्याकडे होतं.

खोलीत कोणी काही बोललं नव्हतं. आरती टेबलापाशी जागच्या जागी थांबली. सुनंदाने चपला काढता काढता माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून उभी राहिले. पाणी पिऊन झाल्यावर ईश्वरीने हात काढून घेतला आणि आत खेळायला गेली.

पुतळा छातीपर्यंतच आहे. त्याला हात केलेले नाहीत.